घुमटाच्या पोटातला पापुद्रा

कारवारहून काळी नदीच्या कडेने आत निघालं, की कद्रा धरणाच्या वरच्या अंगाला कैगा येतं. सीमाप्रश्नामुळे कारवारचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. तिथल्याच डोंगरात लपलेलं कैगा मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. तिथे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या नोंदी चाळताना एक गोष्ट खटकते. २२० मेगावॅटचा दुसरा संच १६ मार्च २००० रोजी व्यापारी उत्पादनात आला आणि पहिला संच त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला. धाकटा आधी, थोरला मागून. असं घडलं म्हणजे काही बिघडलंच असं नाही. आपल्या तारापूरचाही चौथा संच तिसऱ्याच्या आधी सुरू झाला आणि तिथे काही पडलंझडलं नव्हतं. कैग्याला मात्र पडलं होतं.

१३ मे १९९४ रोजी पहिल्या संचाच्या आतल्या घुमटाचा थर सुटला आणि सुमारे १३० टन काँक्रीट खाली आलं. काही कामगार जखमी झाले, जीव कुणाचा गेला नाही. बांधकाम चालू होतं, इंधन भरायला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्न नव्हता. पण हा घुमट कशासाठी असतो ते लक्षात घेतलं, तर पोटात गोळा येतो. अणुभट्टीत उद्या नळी फुटली, गरम पाण्याची वाफ झाली, तर ती वाफ आणि तिच्यासोबत येणारं सगळं अडवून धरायचं काम याच कवचाचं. भारतीय जड पाण्याच्या अणुभट्ट्यांना अशी दोन कवचं असतात: आतलं पूर्वताणित काँक्रीटचं, बाहेरचं साध्या सळईच्या काँक्रीटचं. दोहोंमधल्या पोकळीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे आतून काही झिरपलंच तर ते त्या पोकळीत अडकावं आणि गाळण्यांतून जावं. यातल्या पहिल्याच कवचाचा थर पडला होता.

पूर्वताण म्हणजे काय, हे आमच्या दारव्ह्याकडच्या माणसाला समजावणं सोपं आहे. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो ते आठवा. लोखंडी धाव आगीत लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसते, चाकाचे पाटे एकमेकांत गच्च बसतात. चाकावर ओझं येण्याआधीच ते दाबाखाली गेलेलं असतं. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच. म्हणून काँक्रीटमधून पोलादी तारांच्या केबल नेतात आणि जॅक लावून त्या ताणतात. काँक्रीट आधीच इतकं आवळलेलं असतं, की आतून वाफेने रेटा दिला तरी ते ताणाखाली जात नाही.

इथवर धाव आणि केबल एकच. फरक पुढे आहे. धाव चाकाच्या बाहेरून असते, ती सगळं लाकूड आतच दाबते. घुमटातली केबल काँक्रीटच्या जाडीच्या आतून जाते. वक्र मार्गाने गेलेली ताणलेली केबल सरळ व्हायला बघते, म्हणून ती खालच्या काँक्रीटला आतल्या बाजूला रेटते. केबलच्या वरचं काँक्रीट दाबाखाली असल्यामुळे कमानीसारखं बाहेर फुगायला बघतं. एक थर खाली, एक थर वर, आणि या ओढाताणीत मधली पातळी फाटते. त्याच पातळीवर केबलच्या नळ्या गेलेल्या, म्हणजे तिथे सलग काँक्रीटही कमी. त्यात कैग्याच्या घुमटात स्टीम जनरेटर आत-बाहेर करण्यासाठी मोठी भगदाडं ठेवलेली होती. त्यांना वळसा घालताना केबलला आणखी बाक द्यावा लागतो आणि जिथे बाक जास्त तिथे हा रेटाही जास्त. जाडीच्या दिशेने दोन्ही थरांना टाचून धरणाऱ्या सळया पुरेशा असत्या, तर थर सुटला नसता. वरून बघणाऱ्याला घुमट अखंडच दिसत होता.

आता माझ्यासारख्या माणसाला इथे काय टोचतं ते सांगतो. मी दारव्ह्यात घरं, गोदामं, एखादी शाळेची इमारत अशी कामं बघतो. आमची तपासणी म्हणजे सळई नकाशाप्रमाणे आहे का, खाली कव्हरचे ठोकळे आहेत का, रेतीत माती किती, मिस्त्री पाणी वाढवतोय का. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर असतो. तेव्हा स्लॅब संध्याकाळी टाकायचा आणि सकाळी गोणपाटं भिजवून अंथरायची. शटरिंग काढल्यावर खाली गिट्टी उघडी पडलेली दिसली, की ठेकेदार घाईघाईने गिलावा मारून मोकळा होतो. तो मारायच्या आत आपण पोचलं पाहिजे. अणुकेंद्रावर हेच सगळं शंभर पटीने काटेकोर असतं. काँक्रीट ओतण्याआधी पोअर कार्ड फिरतं: सळईवाला, शटरिंगवाला, विजेच्या नळ्या टाकणारा, सर्वेक्षक आणि शेवटी गुणवत्ता विभाग, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पंप सुरू होत नाही. ओतताना काँक्रीट थंड राहावं म्हणून पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात. प्रत्येक खेपेचा स्लंप, म्हणजे ओलं काँक्रीट किती बसतं ते, मोजतात, १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात आणि सात व अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघतात. जिथे काही चुकलं तिथे लेखी नोंद होते, आणि ती मिटल्याशिवाय पुढचं काम होत नाही.

पण ही सगळी तपासणी एकच प्रश्न विचारते: काम नकाशाप्रमाणे झालं का? कैग्याचा मुख्य दोष नकाशातच होता. ठोकळे कितीही पास झाले, सह्या कितीही झाल्या, तरी त्या चौकटीत तो दोष सापडणार नव्हता. त्या वेळी अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष असलेले ए. गोपालकृष्णन यांनी नंतर लिहिताना हेच सांगितलं, की आरेखनातल्या गंभीर चुका तपासणीतून निसटल्या. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेलं, म्हणजे अपघाताच्या वेळी जेमतेम दहा वर्षांचं.

आणि दोष नवा होता असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्रात १९७० मध्ये घुमटाचा असाच थर सुटला होता. १९७६ मध्ये त्याच राज्यात क्रिस्टल रिव्हर केंद्राच्या घुमटावर बोल्ट बसवायला गेले, तर ते पकड घेईनात; शोधल्यावर आतून थर सुटलेला निघाला. दोन्ही घुमट दुरुस्त झाले. पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. इथे पुढच्याला दोनदा ठेच लागलेली असूनही मागच्याने तोच दगड लाथाडला.

नियामक मंडळाने कैग्याच्या आणि राजस्थानात रावतभाट्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचाच्या कवचांचं काम थांबवलं. चौकशीसाठी समित्या नेमल्या गेल्या, सगळं गणित नव्याने मांडलं गेलं. नव्या घुमटात जाडीच्या दिशेने सळया आल्या. काँक्रीट एम-६० दर्जाचं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ६० न्यूटन दाब सोसणारं, आत सिलिका फ्यूम घातलेलं. घराच्या स्लॅबला आपण एम-२० किंवा एम-२५ वापरतो, यावरून अंदाज यावा. त्या काळात भारतात इतक्या उच्च दर्जाचं काँक्रीट प्रत्यक्ष कामावर टाकणं नवलाचंच होतं, आणि देशातल्या काँक्रीटच्या अभ्यासात हा घुमट पुढे उदाहरण म्हणून शिकवला जाऊ लागला. दुरुस्तीची खरी किंमत सळया-सिमेंटची नव्हती. ती वर्षांची होती. म्हणून थोरला मागे राहिला.

हाच पहिला संच पुढे १३ मे २०१६ रोजी पुन्हा सुरू झाला आणि ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, ९६२ दिवस, एकदाही न थांबता चालला. ब्रिटनमधल्या हेशम केंद्राचा ९४० दिवसांचा विक्रम त्याने मोडला. थर सुटला तो १३ मे, विक्रमाची धाव सुरू झाली तोही १३ मे; योगायोग आहे, पण मला तो आवडतो. अर्थात सलग चालणं ही अणुभट्टीची आणि टर्बाइनची परीक्षा झाली. घुमटाची परीक्षा वेगळी. सुरू होण्याआधी सगळी दारं बंद करून आत हवा भरतात, अपघातात येईल असं गृहीत धरलेल्या दाबापेक्षा थोडी जास्त, आणि भिंत किती फुगते, कुठे तडा जातो, हवा किती झिरपते हे मोजतात. झिरपण्याची चाचणी पुढेही ठरावीक वर्षांनी होत राहते.

हे झालं काँक्रीटचं. पोलादाचा जोडही तितकाच कपटी. वरून चकचकीत दिसणाऱ्या वेल्डिंगमध्ये केसाएवढी चीर असू शकते. ती शोधायची सगळ्यात साधी रीत बघण्यासारखी असते. जोड घासूनपुसून कोरडा करायचा, त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव्य फवारायचं, थोडा वेळ थांबायचं, मग फडक्याने सगळं पुसून काढायचं, अगदी लाल खूण राहणार नाही इतकं. मग पांढऱ्या पावडरीचा फवारा. जिथे चीर असेल तिथे आत शिरलेला लाल रंग पावडरीत वर शोषला जातो आणि पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. ती दिसली की वेल्डरचा चेहरा उतरतो. जोड ग्राइंडरने खरवडायचा, चीर पूर्ण गेली का ते पुन्हा रंग लावून बघायचं, पुन्हा भरायचा. पृष्ठभागाच्या आतले दोष यात सापडत नाहीत. त्यासाठी अल्ट्रासाउंड किंवा रेडिओग्राफी. रेडिओग्राफीला इरिडियमचा किरणोत्सारी स्रोत लागतो, म्हणून ते काम बहुधा रात्री, बाकीची माणसं लांब पाठवून, दोरी बांधून करतात.

एकदा का हा जोड भिंतीआड गेला, की दुरुस्ती म्हणजे काय असतं ते फ्रान्सच्या फ्लामांव्हिल केंद्राने दाखवलं. तिसऱ्या संचाचं काम डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालं. वाफ वाहून नेणाऱ्या मुख्य नळ्यांचे आठ जोड दोन कवचांच्या मधल्या जागेत होते आणि ते ठरलेल्या दर्जाचे नव्हते. कंपनीचं म्हणणं होतं, की आहेत तसे चालतील. फ्रेंच नियामकाने जून २०१९ मध्ये सांगितलं, दुरुस्त करा. माणूस पोचत नाही अशा जागी यंत्रमानव सोडून जोड कापावे आणि पुन्हा करावे लागले. त्याआधी २०१५ मध्ये अणुभट्टीच्या पात्राच्या झाकणाच्या पोलादात कार्बन जास्त असल्याचं उघड झालं होतं. ते झाकण पुढे बदलायचं, या अटीवरच परवानगी मिळाली. वीज जाळ्यात आली ती २१ डिसेंबर २०२४ रोजी. खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३.२ अब्जांवर गेला होता.

कोरियाच्या हानबित केंद्राच्या चौथ्या संचाची गोष्ट तर कुठल्याही मिस्त्रीला कळेल अशी. कवचाची भिंत सुमारे १६८ सेंटिमीटर जाड. तिच्यात २०१९ मध्ये १५७ सेंटिमीटर खोल पोकळी सापडली. काँक्रीट ओतताना आतल्या बाजूला नीट बसलंच नव्हतं आणि पोलादी अस्तरामुळे कुणाला दिसलंही नव्हतं. संच १९९६ पासून चालत होता. त्याच देशात २०१२-१३ मध्ये सुट्या भागांच्या गुणवत्तेची खोटी प्रमाणपत्रं उघड झाली आणि काही संच बंद ठेवावे लागले. कागद पूर्ण असणं आणि काम पूर्ण असणं यांत केवढं अंतर असतं, हे आपल्याकडच्या सरकारी बांधकामांवर वावरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि क्रिस्टल रिव्हर? १९७६ मध्ये घुमट दुरुस्त झालेल्या त्या केंद्रात २००९ साली स्टीम जनरेटर बदलायचे होते. त्यासाठी कवचाच्या भिंतीला भगदाड पाडायचं ठरलं. काही केबल सैल केल्या, भिंत कापायला घेतली, आणि आत थर सुटलेला दिसला, या वेळी घुमटात नव्हे, भिंतीत. दुरुस्ती झाली, केबल पुन्हा ताणताना मार्च २०११ मध्ये भिंत दुसऱ्या जागी सुटली. फेब्रुवारी २०१३ मध्ये मालक कंपनीने केंद्र कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. भट्टी ठणठणीत होती. भिंत दुरुस्त करण्याचा खर्च झेपत नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यात माडबनच्या सड्यावर जैतापूरचे सहा संच उभे करायचं ठरलंय ते याच फ्लामांव्हिलच्या जातीचे, प्रत्येकी १६५० मेगावॅटचे. तिथली चर्चा मासेमारी, जमीन, भूकंप आणि विजेचा दर यांभोवती फिरते, आणि ती रास्तच आहे. मला त्यात आणखी काही प्रश्न घालायचे आहेत. आरेखनाचं गणित आरेखन करणाऱ्याखेरीज दुसरं कोण मांडून बघणार? जोड भिंतीआड जाण्याआधी त्याची रेडिओग्राफीची फिल्म कुणाकुणाच्या डोळ्यांखालून जाणार? ‘आहे तसं चालेल’ असं कंपनी म्हणाली, तर ‘कापा आणि पुन्हा करा’ असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वर्षांच्या उशिराचा जाब विचारला जाणार का? आणि त्या उशिराचे पैसे कंपनी भरणार, की वीजबिलातून दारव्ह्याचा शेतकरी?