रजोनिवृत्तीनंतरचे स्नायुबल आणि अस्थिस्वास्थ्य

आयुष्यभर कुटुंबासाठी झिजलेल्या स्त्रीविषयी ‘तिने हाडांची काडे केली’ असे मराठीत गौरवाने म्हटले जाते. मात्र याच वाक्प्रचारात शरीरशास्त्राचा एक प्रश्नही दडलेला आहे. दिवसभर राबणाऱ्या, नेमाने चालणाऱ्या स्त्रीचीही हाडे उतारवयात ठिसूळ का होतात?

हाड ही जिवंत ऊती आहे. जुना भाग विरघळविणाऱ्या आणि नवा घडविणाऱ्या पेशींचे कार्य तिच्यात अखंड चालू असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक विघटनास आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते घटले, की झीज घडणीवर मात करते. हा संबंध अमेरिकन वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिला.

दुसरे सूत्र त्याहून जुने आहे. हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, असे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये प्रतिपादिले. स्नायूंची जोरकस ओढ हा असाच भार होय. परंतु नित्याच्या, सवयीच्या भाराने नव्या घडणीस फारशी चालना मिळत नाही. त्यामुळे चालणे हृदयास हितकर असले, तरी अस्थिघनता वाढविण्यास ते सहसा अपुरे पडते. पोहण्यात तर शरीराचा बराचसा भार पाणीच पेलते.

या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लिफ्टमोर’ प्रयोग महत्त्वाचा आहे. रजोनिवृत्ती झालेल्या आणि अस्थिघनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया त्यात सहभागी होत्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजने उचलली व उडीचा व्यायाम केला. या गटातील स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. अर्थात, वजन क्रमाक्रमाने वाढविणे आणि वैद्यकीय तपासणी करून घेणे येथे अनिवार्य ठरते.

स्नायुबलाचा आणखी एक लाभ म्हणजे तोल सावरतो. खुब्याचे बहुतेक अस्थिभंग पडल्यामुळेच होतात. प्रथिने, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व यांची जोडही आवश्यकच.

‘कष्टाळू बाईला व्यायाम कशाला?’ ही समजूत म्हणूनच तपासून पाहावयास हवी. श्रम आणि व्यायाम हे समानार्थी शब्द नव्हेत. राबणाऱ्या स्त्रीला आणखी कष्टांची नव्हे, तर स्वतःच्या शरीरासाठी राखून ठेवलेल्या आठवड्यातील त्या दोन अर्ध्या तासांची गरज आहे.