चला, बर्फावर पडायला शिकू या!

मित्रांनो, 'बर्फ' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उसाच्या रसातले खडे? रंगीत गोळा? की फ्रीजमधला ट्रे? आता जरा कल्पना करा. अख्ख्या डोंगरावर पांढरीशुभ्र गादी अंथरलीय, तुमच्या पायांना दोन लांब पट्ट्या बांधल्यात आणि तुम्ही उतारावरून सुर्रकन खाली येताय! या खेळाचं नाव स्कीइंग. आपल्या देशात तो काश्मिरात गुलमर्गला, उत्तराखंडात औलीला आणि हिमाचलात मनालीजवळच्या सोलंगला खेळतात. तुमच्या घरी यंदा असा बेत शिजत असेल, तर हा लेख आई-बाबांना शेजारी बसवून वाचा. बेत नसेल तरी वाचा. बेत काय, कधीही शिजू शकतो!

पण एक गंमत ऐका. स्कीइंगच्या वर्गात पहिल्या दिवशी वेगानं जायला शिकवत नाहीत. आधी शिकवतात पडायला, मग उठायला, मग थांबायला. हे तिन्ही जमलं की घसरणं आपोआप जमतं, कारण खाली ओढायचं काम पृथ्वी फुकटात करते! आणि या सगळ्याची तयारी तुम्ही आपल्या घरी, आपल्या गच्चीवर, महिना-दीड महिना आधी सुरू करू शकता.

जायचं कुठे आणि कधी?

उदाहरणासाठी आपण गुलमर्ग घेऊ. श्रीनगरहून ते साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. वाटेत टंगमर्ग लागतं आणि तिथून चढाचा वळणावळणाचा रस्ता सुरू होतो. बर्फ पडला की या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्या लागतात. गुलमर्गची उंची आहे सुमारे २६५० मीटर. आपलं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी एक हजार मीटर वर बघा. गुलमर्ग तिथे आहे!

काश्मिरात थंडीलासुद्धा नावं आहेत, बरं का. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालतो तो 'चिल्लई कलान', म्हणजे थंडीचा थोरला भाऊ. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा धाकटा, 'चिल्लई बच्चा'. आपण संक्रांतीला तिळगूळ वाटतो, तेव्हा तिकडे थोरल्या भावाचं राज्य असतं आणि गुलमर्गला रात्री पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरतो.

मात्र बर्फ काही शाळेच्या सुट्ट्या बघून पडत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची मैदानं कितीतरी दिवस कोरडी होती. पर्यटक बर्फाची वाट बघत बसले होते. बर्फ पडला तो थेट महिनाअखेरीस. म्हणून नाताळच्या सुट्टीत जाणार असाल, तर बर्फ कमी मिळण्याची तयारी मनाशी ठेवा. फेब्रुवारीत भरवसा जास्त, पण मग शाळा बुडते! हा हिशेब घरात सगळ्यांनी मिळून करायचा. निघण्याआधी रस्ते, हवामान आणि सुरक्षितता यांबद्दलच्या ताज्या सरकारी सूचनाही बघून घ्यायच्या.

शिक्षा नव्हे, सराव!

गुरुजींनी कधी खुर्ची करून उभं केलंय का? भिंतीला पाठ टेकायची, गुडघे काटकोनात वाकवायचे आणि खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं. मांड्या कशा भरून येतात! स्कीइंगमध्ये नेमक्या याच मांड्यांना काम असतं, कारण गुडघे सतत थोडे वाकलेले ठेवावे लागतात. तेव्हा शाळेतली ही शिक्षा घरी हौसेनं करा. आधी वीस सेकंद, मग तीस, मग एक मिनिट. सोबत रोज थोड्या उठाबशा आणि जिने चढणं-उतरणं.

तोल सांभाळायला सर्वांत चांगला खेळ कोणता? आपली लंगडी! एका पायावर पळायचं, वळायचं, थांबायचं, आणि तेही न पडता. खो-खोमध्ये वाकून झटकन दिशा बदलणं हासुद्धा असाच सराव आहे. रोलर स्केट्स येत असतील तर दुधात साखरच. आणि आई-बाबांनो, हा व्यायाम फक्त मुलांनी करायचा नाही! वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांच्या मांड्या बर्फावर पहिल्या तासातच कुरकुरायला लागतात.

कांद्याचे पापुद्रे

थंडीत एकच जाडजूड कोट घातला की झालं, असं वाटतं ना? चुकलात! कपडे कांद्यासारखे हवेत, पापुद्र्यावर पापुद्रा. पहिला पापुद्रा अंगालगतचा थर्मल. तो घाम बाहेर टाकतो. दुसरा लोकरीचा किंवा फ्लीसचा. त्यात हवा अडकून राहते आणि तीच हवा आपल्याला ऊब देते. तिसरा वारा आणि पाणी अडवणारा. अंगालगत सुती बनियन मात्र नको. सूत घाम पितं, ओलं होतं आणि मग थंडगार फडकं अंगाला गुंडाळल्यासारखं वाटतं.

मोज्यांचं गणित तर उलटंच आहे. दोन जोड घातले तर दुप्पट ऊब मिळेल, हो ना? मिळत नाही! बुटात पाय आवळला जातो, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. शिवाय चुण्या पडून फोड येतात. म्हणून गुडघ्यापर्यंतचा लोकरी मोज्यांचा एकच जोड घालायचा आणि दुसरा कोरडा जोड पिशवीत ठेवायचा. अगदी लहान मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे मोजे बरे, कारण त्यांत बोटं एकमेकांना ऊब देतात.

गॉगल ही काही ऐट नव्हे. उंचीवर दर हजार मीटरला सूर्याचे अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ तर त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण पुन्हा आपल्याच तोंडावर फेकतो! त्यानं डोळे भाजल्यासारखे लाल होतात आणि चुरचुरतात. ढगाळ दिवशीही गॉगल हवा आणि चेहऱ्याला मलमही हवं. हनुवटीखाली आणि नाकाखाली लावायला विसरू नका, कारण बर्फावर ऊन खालूनही लागतं.

एका रविवारी घरात रंगीत तालीम करा. सगळा जामानिमा अंगावर चढवायचा आणि घड्याळ लावायचं. किती मिनिटं लागली? घामाघूम झालात ना? आता शेवटचा प्रश्न: शू लागली तर? हसू नका! सगळं चढवून झाल्यावर धाकट्याला हीच आठवण हमखास होते. म्हणून नियम करा, आधी शू आणि मग कपडे.

वजन खरं सांगा

स्कीच्या पट्ट्या, बूट आणि काठ्या तिथे भाड्यानं मिळतात. विकत घेऊ नका, कारण पुढच्या वर्षी तुमचे पाय वाढलेले असणार! घरूनच एका कार्डावर प्रत्येकाची उंची, वजन, वय आणि बुटाचा नंबर लिहून न्या. वजन खरंच लिहा, बरं का. बूट आणि पट्टी यांना जोडणारी जी कळ असते, तिला बाइंडिंग म्हणतात. आपण वेडेवाकडे पडलो की ती कळ सुटते, पट्टी पायापासून वेगळी होते आणि पाय पिरगळण्यापासून वाचतो. ती किती जोरानं सुटावी, हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुम्ही किती शिकलेले आहात, यावरून ठरवतात. ऐटीत पाच किलो वाढवून सांगितलेत, तर सुटायची वेळ येईल तेव्हा ती सुटणारच नाही!

बूट बरोबर आहे की नाही, हेही तुम्हीच तपासा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकायला हवीत. शिकणाऱ्या मुलांची पट्टी साधारण छाती ते हनुवटी एवढ्या उंचीची असते. लहानग्यांना सुरुवातीला काठ्या देतच नाहीत. आणि हेल्मेट? ते लहान-थोर सगळ्यांनी घालायचं.

भाकरीचा चतकोर

आता थोडं विज्ञान. पाऊल बर्फात रुततं, मग पट्टी का रुतत नाही? कारण तुमचं तेवढंच वजन लांब पट्टीवर पसरतं. आणि ती घसरते का? बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा निसरडा असा अगदी पातळ थर असतो. पट्टी घासली की उष्णतेनं तो आणखी निसरडा होतो. झालं, गाडी सुटली!

मग ती थांबवायची कशी? पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि टाचा लांब सारायच्या. वरून बघितलं तर भाकरीचा चतकोर दिसायला हवा. पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फाला घासतात आणि वेग कमी होतो. जितका मोठा चतकोर, तितका जोरात ब्रेक. हा चतकोर घरात फरशीवर, नुसत्या मोज्यांनीसुद्धा करून बघता येतो.

पडायची वेळ आलीच तर पुढे तोंडावर नाही. बाजूला, कुल्ल्यावर बसल्यासारखं पडायचं. उठताना आधी दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या करायच्या. नाहीतर उठता उठता पुन्हा निघालात खाली!

उतारावर वाहतुकीचे नियमही असतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं १९६७ मध्ये असे दहा नियम केले. त्यांतले तीन पाठ करा. एक, तुमच्या पुढे, म्हणजे खालच्या बाजूला, जो आहे त्याला सांभाळणं ही तुमची जबाबदारी. दोन, उताराच्या मधोमध थांबायचं नाही. तीन, झेपेल तेवढ्याच वेगानं जायचं.

गुलमर्गला गावाजवळ सौम्य उतार आहेत. पहिल्या खेपेला तेच आपले. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे पाळण्यांच्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून खाली येणारे उतार मात्र पट्टीच्या खेळाडूंचे. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच बाजूच्या उतारांवर हिमस्खलन झालं आणि एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. दोऱ्या आणि फलक गंमत म्हणून लावलेले नसतात.

चार शब्दांचा करार

आता सर्वांत महत्त्वाचं. घरात तुम्ही ताई किंवा दादा असाल, तर हे खास तुमच्यासाठी.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठतं, कारण वजनाच्या मानानं त्याच्या अंगाची कातडी जास्त असते आणि त्या वाटेनं ऊब निसटते. पण पाच-सहा वर्षांचं मूल 'मला थंडी वाजतेय' असं पटकन सांगत नाही. दादा भित्रा म्हणेल, ताई हसेल, बाबा रागावतील, या भीतीनं ते गप्प बसतं. त्याची बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. दुखायची थांबली म्हणजे बरं वाटलं, असं नव्हे. तो तर धोक्याचा इशारा!

म्हणून निघण्याआधी घरात एक करार करा. शब्द चार: थंडी, दमणूक, भीती, शू. यांतला एक शब्द कुणीही, केव्हाही उच्चारला की सगळ्यांनी थांबायचं. हसायचं नाही, 'पाचच मिनिटं' म्हणायचं नाही. आणि दर अर्ध्या तासानं ताई-दादांनी धाकट्याचं नाक, गाल आणि बोटं बघायची. ती पांढरी, मेणासारखी दिसली किंवा बधिर झाली, तर लगेच आत न्यायचं. चोळायचं नाही, शेकोटीजवळ धरायचं नाही. बोटं काखेत किंवा कोमट पाण्यात ठेवायची. संवेदना परत आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

श्रीनगर सुमारे १५८५ मीटरवर आहे. तिथे एखादी रात्र काढून मग वर गेलात, तर शरीराला उंचीची सवय होते. गुलमर्गच्या हवेत प्रत्येक श्वासाला समुद्रकाठच्या मानानं जेमतेम पाऊणपट प्राणवायू मिळतो. डोकेदुखी, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणं ही उंची बाधल्याची लक्षणं. लहान मूल हे सांगत नाही. ते नुसतं किरकिरतं. आराम द्या, पाणी पाजा, आणि त्रास वाढला तर वेळ न घालवता खाली या. कुणाला दमा असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. खोलीत बुखारी किंवा कांगडी पेटलेली असेल, तर हवेला वाट ठेवा आणि झोपण्यापूर्वी ती विझवा. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू वासानं कळत नाही.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना स्कीऐवजी घसरगाडी आणि बर्फाचा माणूस पुरे. त्याहून मोठ्यांनाही पहिल्या दिवशी दोन तास खूप झाले. आणि एक वाक्य घरीच ठेवून जा: 'एवढे पैसे भरलेत, आणि तू रडतोस?' त्या वाक्याच्या धाकानं मूल चारही शब्द गिळून टाकतं.

शेवटी, आरिफ खानचं नाव ऐकलंय का? गुलमर्गच्या परिसरातला हा मुलगा चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला. वडिलांचं स्कीच्या साहित्याचं दुकान होतं. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू होता. एका शर्यतीत तो पंचेचाळिसावा आला आणि दुसरी त्याला पुरी करता आली नाही. ऑलिंपिकवीरही पडतो, मित्रांनो! मग तुम्ही पहिल्या दिवशी वीस वेळा पडलात, तर बिघडलं कुठे? प्रत्येक वेळी उठा, बर्फ झटका, आणि आपल्या मागचा धाकटा उठला की नाही, ते बघा. घरातल्या सर्वांत लहानाचा जो वेग, तोच सगळ्या घराचा वेग.

चला तर, आज संध्याकाळी गच्चीवर लंगडी!