पांझरेचं पाणी आणि पायांवरची सूज

सासूबाईंच्या पावलांवर संध्याकाळी सूज येई. ‘दगदग झाली,’ म्हणून आम्ही सोडून दिलं. रात्री आडवं पडताच दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. हृदय थकलं होतं!

धुळ्याकडे पांझरेवरच्या फडांत बंधाऱ्याचं पाणी पाटानं, चारीनं शेतात जातं ते उतारानं. रक्ताला तेवढं सुख नाही. हृदयाची उजवी बाजू ते फुप्फुसांकडे, डावी साऱ्या अंगाला ढकलते, मिनिटाला सुमारे ७२ वेळा. पायांतून परतायचं ते चढावर. पोटरीचे स्नायू दाबतात, शिरांतल्या झडपा मागे येऊ देत नाहीत. हृदयाचा जोर कमी पडला, की पायांत पाणी साचतं. मैत्रिणींनो, सूज बोटानं दाबून खळगा राहिला, तर दाखवायला उशीर नको.

आमच्याकडे आता मीठ बेतानं. बिबड्या मात्र सासूबाई अजून चोरून खातातच!