नाव रानकांदा, पण भाजीत नको! खरा कांदा ओळखायचा कसा?

बेळगाव : पाऊस सुरू झाला की माळावर, जंगलाच्या कडेला कांद्यासारखी पात वर येते. खणलं तर खाली पांढरट गड्डा. आपण याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतो, कन्नडमध्ये काडू ईरुळ्ळी, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे जंगली प्याज. नावात सगळीकडे कांदा आहे. पण हा कांदा नव्हे, आणि खायचा तर मुळीच नाही.

याचं शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. उन्हाळ्यात आधी नुसता फुलांचा दांडा येतो, पानं मागाहून. गड्ड्यात थेट हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात, नाडी मंदावते, जिवावरही बेतू शकतं. नुसता रस लागला तरी खाज सुटते. आयुर्वेदात याचा औषधी उपयोग आहे, पण ते काम जाणकार वैद्याचं. घरगुती प्रयोग नकोत.

कुंडीतल्या रेन लिलीचंही तेच. गड्डे छोट्या कांद्याएवढे, पात बारीक. आपल्याकडे ‘लिलीचे कांदे’ असंच म्हणतात. मात्र त्यात लायकोरिन हे विषारी द्रव्य असतं. स्पायडर लिलीतही असतं. म्हणून परसात कांदा-लसणाच्या वाफ्याशेजारी ही झाडं लावू नका.

मग खरे कांदे कोणते? कांदा, लसूण ज्या ‘ॲलियम’ गटात येतात, त्यात ९०० हून अधिक जाती आहेत. बहुतेक रानटीच. उत्तराखंडात हिमालयातल्या फरण किंवा जंबूची वाळलेली पानं-फुलं फोडणीत घालतात. काही जाती शोभेच्या. मध्य आशियातल्या ॲलियम जायगँटियमला चार-पाच फूट दांड्यावर जांभळ्या फुलांचा चेंडू येतो. ऑनलाइन फोटो पाहून गड्डे मागवण्याआधी एवढं लक्षात घ्या : फुलण्यासाठी त्याला कडक थंडी लागते. बेळगाव, गोवा, हैदराबादच्या हवेत पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वास. पान चुरगळून पाहा. कांदा-लसणाचा वास नसेल तर तो कांदा नाही. हाताला आधीच कांद्याचा वास असेल तर फसगत होते, तेव्हा हात धुऊन बघा. आणि वास आला म्हणून लगेच खाऊ नका, जाणकाराला दाखवा. कुणी चुकून खाल्लंच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा. सोबत तो गड्डा आणि पात न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय खाल्लं ते कळेल.