घाटावरचा काळा दगड आला विषुववृत्तापलीकडून!

बुलढाणा : घाटावर चिखली, मेहकर भागात विहीर खोदायला घेतली की काळी माती, मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे गोठलेला लाव्हा. पण तो बाहेर आला तेव्हा आपली जमीन इथे नव्हतीच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज हिंदी महासागरात रीयुनियन बेट आहे त्या बाजूला. तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून पेटतो. आपला लाव्हाही जमिनीखालच्या त्याच उष्ण जागेतून आला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

तेव्हा सेशेल्स बेटांचा भूभाग आपल्याला लागून होता. लाव्ह्याच्याच सुमारास जमीन फाटली, सेशेल्स मागे राहिलं, मधे समुद्र शिरला आणि आपला पश्चिम किनारा तयार झाला. भारत मात्र उत्तरेला सरकत आशियाला भिडला, त्यातून हिमालय उभा राहिला.

आजही आपण वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर सरकतोय. 80 वर्षांच्या आजोबांचं गाव त्यांच्या जन्मापासून 4 मीटर पुढे गेलंय. बांधावरून भांडणाऱ्यांनी खूश होऊ नये, शेजारीही सोबतच सरकतोय.

लाव्हा एकदम आला नाही, थरावर थर साचले. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते भेगांत, मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यात सापडतं. म्हणून एका बोअरला पाणी लागतं अन् शंभर फुटांवरचं कोरडं जातं. तेव्हा हातावर नारळ फिरवणाऱ्याला पैसे देण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावून बघा, थर कुठे बदलतो आणि पाझर कुठून येतो ते.