जाळं सोडून सुरुंगांमागे

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश नौदलाने मासेमारीचे ट्रॉलर भराभर ताब्यात घेतले. तळाशी जड जाळं ओढत नेणं हा हल, ग्रिम्स्बीच्या मच्छीमारांचा रोजचा धंदा. सुरुंग काढायचे तर जाळ्याऐवजी पोलादी तार ओढायची, एवढाच फरक. तारेने सुरुंगाचा दोर कापला गेला की तो लोखंडी गोळा वर येऊन तरंगू लागे. मग डेकवरून रायफलीने टिपून तो फोडायचा, नाहीतर बुडवायचा. बोटी त्याच, खलाशीही बरेचसे तेच.

या ट्रॉलरांच्या दलाचा तळ होता लोवेस्टॉफ्टमधली ‘स्पॅरोज नेस्ट’ ही बाग. लोक या दलाला ‘हॅरी टेटचं नौदल’ म्हणून चिडवायचे. हॅरी टेट म्हणजे खिळखिळ्या मोटारीचा प्रवेश करून हसवणारा नट. त्या बागेजवळच्या स्मारकावर आज या दलातल्या २,३८५ जणांची नावं आहेत. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही.

इकडे मासेमारीसाठी उरल्या त्या बहुतेक जुन्या बोटी. पूर्व किनाऱ्यावर सुरुंग आणि विमानांची भीती, म्हणून पश्चिमेचं फ्लीटवूड मुख्य बंदर झालं. मटण, लोणी, साखर रेशनवर गेली. मासळी मात्र कधीच गेली नाही. ऐकायला बरं वाटतं. पण रेशन नाही म्हणजे हमीही नाही. जो आधी रांगेत उभा राहील त्याला मिळणार, तेही चढ्या भावाने.

दरम्यान उत्तर समुद्रात कमी जाळी पडत होती आणि मासे वाढत होते, मोठेही होत होते. आपल्याकडे पावसाळी मासेमारीबंदीनंतर परतलेल्या पहिल्या होड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे समजावून सांगायला नको. तिथे ही विश्रांती जवळपास सहा वर्षांची होती. पहिल्या महायुद्धानंतरही अशीच मासळी वाढली होती, आणि सगळ्यांनी तुटून पडून ती संपवली होती. म्हणून लोवेस्टॉफ्टच्या मत्स्य-संशोधन प्रयोगशाळेतले मायकेल ग्रॅहम यांनी युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, पुस्तक लिहून बजावलं की मासेमारीला आवर घाला. कमी कष्टात तेवढीच, कदाचित जास्तच मासळी मिळेल.

१९४६ मध्ये मासेमारीचे नियम ठरवायला लंडनला युरोपातले देश जमले. जाळ्याच्या छिद्राचं किमान माप ठरलं, किती लहान मासा धरू नये हेही ठरलं. बोटी किती असाव्यात, यावर मात्र एकमत झालं नाही. आणि जे ठरलं तेवढंही लागू व्हायला १९५३ उजाडलं.