पाडव्याच्या रात्री पडलेलं कडं

अरे, ते विमान नव्हे. विमानाचे लाल-हिरवे दिवे लुकलुकतात आणि इथं रायपूरच्या माना विमानतळावर उतरणारं असलं तर घरघरही ऐकू येते. हा ठिपका वायव्येकडून गुपचूप वर आलाय, एकसारखा उजळ, जवळजवळ शुक्राच्या तोडीचा. हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. चारशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं चाललंय. आत माणसं राहतात बरं का!

त्याचा उजेड स्वतःचा नाही. अंगणात अंधार पडला तरी पिंपळाच्या शेंड्यावर ऊन रेंगाळतं ना, तसंच. खाली आपल्या तात्यापाऱ्यात दिवे लागले, पण तिथं वर अजून ऊन आहे. म्हणून हे स्थानक बघायचं ते दिवेलागणीनंतर तास-दीड तासात, नाहीतर पहाटे. आता बघा हं... कललं पूर्वेला... तांबूस झालं... गेलं! ढग नाही, झाड नाही, भर आकाशात नाहीसं झालं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं ते. वरच्या माणसांचा सूर्य आत्ता मावळला. चोवीस तासांत सोळाएक वेळा मावळतो त्यांचा.

आणि तारा तुटला असं वाटलं तर? ऐका. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात, खानदेशात, मध्य प्रदेशात लोकांनी आकाशातून जळत्या रेघांची रांग जाताना पाहिली. कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे विमान पेटलं. पण उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरहून जास्त वेगानं घुसते आणि बहुतेकदा डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. ही रांग सावकाश, सगळ्यांना हाका मारायला वेळ मिळेल अशी चालली होती. म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारीच वस्तू खाली येत होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडंच येऊन पडलं! जाणकारांनी वेळ आणि मार्ग ताडून पाहिला, तेव्हा तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी छांग चंग रॉकेटचा तिसरा टप्पा असावा असं निघालं.

असं ताडून बघायला मोठी वेधशाळाच लागते असं नाही. इंग्लंडमध्ये केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे मास्तर होते. त्यांची पोरं रेडिओवर रशियन उपग्रहांची टिवटिव ऐकायची आणि वेळा वहीत मांडायची. १९६६ मध्ये एका उपग्रहाची कक्षा नेहमीपेक्षा वेगळी, जास्त कललेली निघाली. नेहमीच्या तळावरून तो उडालेला दिसेना. पुढं आणखी एकाच्या नोंदी मिळाल्या, नकाशावर दोन्ही मार्ग मागे नेले, तर ते उत्तर रशियात प्लेसेत्स्कपाशी एकमेकांना छेदत होते. गुप्त तळ शाळकरी पोरांनी हुडकला! सोव्हिएत सरकारनं तो कबूल करायला १९८३ उजाडलं. मला विचाराल तर ही गोष्ट कुठल्याही हेरकथेहून सरस आहे.

तुम्हाला रेडिओसुद्धा नको. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुरामुळं क्षितिजाजवळ काही दिसत नाही, तेव्हा उंचावरून जाणारी फेरी धरा. स्थानक कुठल्या ताऱ्याजवळून किती वाजून किती सेकंदांनी गेलं, ते लिहा. त्याच क्षणी भिलाईच्या मावशीलाही लिहायला सांगा. भिलाई इथून पंचवीस-तीस किलोमीटर. डोक्यावरून जाणारं स्थानक तिथून बघताना ताऱ्यांमध्ये तीन-चार अंश सरकलेलं दिसेल, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढं. तेवढ्या फरकावरून त्याची उंची तुम्हीच काढू शकता, कागदावर एक त्रिकोण आखून.

मात्र मावशीला आजच फोन करा आणि दोन्हीकडची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवून घ्या. इथं एका सेकंदाची चूक म्हणजे साडेसात किलोमीटरची चूक.